तहानेने मान टाकलेली कुंडी आणि पाण्याने मान टाकलेली कुंडी

गच्चीवरच्या कुंडीतील जेड किंवा एचेव्हेरियासारखे जाड पानांचे शोभेचे झाड एके सकाळी मान टाकून बसलेले दिसले की आपला हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडे जातो. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर चढलेला असताना झाड कोमेजण्याचे दुसरे कारण डोक्यात येतच नाही, त्यामुळे खानदेशात तर तो हात जातोच. मात्र जाड, रसाळ पानांच्या झाडांच्या, म्हणजे ज्यांना आता सगळेच सक्युलंट म्हणतात त्यांच्या बाबतीत, हे कोमेजणे दोन अगदी विरुद्ध कारणांनी होते आणि लांबून पाहिल्यास दोन्ही झाडे सारखीच दिसतात. एकाला पाणी मिळालेले नसते, तर दुसऱ्याला ते इतके मिळालेले असते की त्याची मुळेच कुजलेली असतात.

दोन्ही सारखी दिसतात, याचे कारण दोन्ही झाडे खरोखरच तहानलेली असतात. पानातील पेशी पाण्याने तट्ट फुगलेल्या असतील तरच पान ताठ राहते, आणि ते पाणी मुळांनी ओढून वर पाठवावे लागते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीतील सगळी पोकळी पाण्याने भरून राहिली की मुळे गुदमरतात, त्यांच्यावर बुरशी चढते आणि ती कुजतात. कुजलेली मुळे भोवती पाणी असूनही ते ओढू शकत नाहीत. कापूस लावणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पावसाच्या मोठ्या खंडानंतर भारी जमिनीत एकदम पाणी झाले आणि ऊन पडले की हिरवीगार पराटी, म्हणजे कपाशीचे झाड, उभ्या उभ्या मान टाकते. त्याला आकस्मिक मर म्हणतात आणि त्या वेळी कोणी आणखी पाणी देत नाही, उलट साचलेले पाणी काढून देतात. शेतात आपण वाफशाची, म्हणजे जमिनीतले जादा पाणी ओसरून तिच्यात हवा खेळू लागण्याची, वाट पाहतो, कुंडीत मात्र तो शब्द विसरतो.

फरक ओळखण्यासाठी सर्वांत आधी पान दोन बोटांत धरून हलकेच दाबावे. तहानलेल्या झाडाचे पान पातळ झालेले असते, त्यावर सुरकुत्या पडलेल्या असतात, ते चामड्यासारखे वाकते, पण फुटत नाही, आणि ओढले तरी सहजासहजी हातात येत नाही. कोरफडीचे पान अशा वेळी आतल्या बाजूला वळून पन्हळीसारखे होते आणि त्यावर तपकिरी-तांबूस झाक येते. पाण्याने बिघडलेल्या झाडाचे पान पिवळट आणि शिजलेल्या साबुदाण्यासारखे अर्धपारदर्शक दिसते, दाबले की लिबलिबीत लागते आणि नुसता धक्का लागला तरी गळून पडते. बुंध्यालगतचे एखादे जुने पान कागदासारखे वाळून खोडाला चिकटलेले असेल, तर ती दोन्हींपैकी कशाचीच खूण नव्हे. झाड जुनी पाने अशीच टाकते.

एवढ्यावर निदान झाले असे मानणारे इथेच फसतात, आणि मीही फसलो आहे. कुजण्याचा प्रकार बराच पुढे गेला की वरच्या पानांचे पाणी तुटते आणि मग त्यांच्यावरही सुरकुत्या पडतात. आषाढात माझ्या एका जेडची पाने अशी सुरकुतली, मी ती तहान समजून सलग तीन दिवस पाणी घातले आणि चौथ्या दिवशी बुंधा बोटाखाली चिरडला गेला. म्हणून पानाची साक्ष एकटी घेऊ नये, तिला मातीची आणि बुंध्याची जोड द्यावी. पाने सुरकुतलेली आणि माती कोरडी असेल तर ती तहान असते. पाने सुरकुतलेली असूनही माती ओली असेल तर मुळे गेली असे समजावे. बुंधा जमिनीलगत काळपट आणि मऊ लागत असेल किंवा मातीला आंबूस वास येत असेल, तर शंकेला जागाच उरत नाही.

मातीची परीक्षा वरून पाहून होत नाही. वैशाखात कुंडीचा वरचा थर दुपारपर्यंत भाजून निघतो, पण प्लास्टिकच्या कुंडीत तळाशी चिखल तसाच असू शकतो. उदबत्तीची उरलेली काडी तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी काढावी. तिला गाळ किंवा ओल लागून आली तर पाणी द्यायचे नाही. उलट प्रकारही घडतो. आपली काळी माती वाळली की आक्रसते, शेताला भेगा पडतात तशी कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि वरून ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून निघून जाते. पाणी खाली आले म्हणून कुंडी भिजली असे आपण समजतो, आत मात्र मातीचा गोळा कोरडाच असतो. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पूर्ण वाळल्यावर तेही असेच पाणी झिडकारते.

ऋतूवरून अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच असतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घर बंद करून गेलेल्यांच्या कुंड्या बहुधा तहानेने, तर श्रावणातल्या झडीत उघड्यावर राहिलेल्या बहुधा कुजण्याने माना टाकतात. तरीही कडक उन्हाळ्यात कुजणारी झाडे मी कमी पाहिलेली नाहीत. यातील बहुतेक झाडे पानांची रंध्रे दिवसा मिटून रात्रीच्या गारव्यात उघडतात. मे महिन्यात रात्रीही गारवा येत नाही, तेव्हा अनेक जाती वाढ थांबवून नुसत्या तग धरून राहतात आणि त्यांचे पाणी पिणेही मंदावते. अशा वेळी दया येऊन रोज दिलेले पाणी मुळाशी साचून राहते. आठवड्यातून एकदा पाणी द्यावे हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम म्हणूनच मला निरुपयोगी वाटतो, कारण तो ना कुंडी पाहतो, ना महिना.

तहानेवरचा उपाय सोपा आहे. कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवून माती खालून पूर्ण भिजू द्यावी, मग पाणी निथळू द्यावे आणि कुंडी दोन-चार दिवस सावलीत ठेवावी. बहुतेक झाडांची पाने तेवढ्यात पुन्हा भरतात.

कुजलेल्या झाडाला मात्र कुंडीतून बाहेर काढावेच लागते. माती झटकून काळी, पोकळ झालेली मुळे स्वच्छ पात्याने कापावीत. बुंधा सडला असेल तर आतला गर पांढरट-हिरवा आणि निरोगी दिसेपर्यंत वर वर कापत जावे, कारण तपकिरी ठिपका राहिला तर सड पुन्हा वर चढते. नंतर झाड चार-पाच दिवस सावलीत, वाऱ्यावर उघडे ठेवून जखम वाळू द्यावी. लावताना काळी माती वापरूच नये; चाळून बारीक गाळ काढलेली नदीची भरड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि थोडे जुने कुजलेले शेणखत एवढे पुरते. तळाशी खड्यांचा थर घातल्याने निचरा सुधारतो, ही समजूत चुकीची आहे. त्याने पाणी साचण्याची जागा फक्त वर सरकते. लावल्यावर आठवडाभर पाणी देऊ नये.

खोड पूर्ण गेले असले तरी एचेव्हेरियाचे शाबूत पान कोरड्या वाळूवर ठेवल्यास त्याला मूळ फुटू शकते, आणि जेडची निरोगी फांदीही लागते. कोरफडीचे पान बहुधा सडतेच, तिची बुडाशी आलेली पिल्ले वाचवावीत.

नेमके काय झाले आहे हे ठरतच नसेल तर कुंडी सावलीत ठेवून दोन दिवस पाणी बंद ठेवावे, कारण तहानलेले सक्युलंट आणखी दोन दिवस निभावते, कुजणाऱ्याला मात्र एक तांब्याही जड जातो. झाड सावरले की नाही हे जुन्या सुरकुतलेल्या पानांवरून ठरवू नये, त्यांतील काही तशीच राहतात. मधल्या शेंड्याची नवी पाने घट्ट लागतात का ते पाहावे, आणि दोन-तीन आठवड्यांनी झाड हलकेच वर ओढून पाहावे. मातीने ते धरून ठेवले असेल तर खाली मुळे फुटली आहेत.