धूर कुणाच्या वाट्याला? मुंबईच्या हवेची पार्श्वभूमी

मुंबईच्या हवेवर हल्ली दर हिवाळ्यात ओरड होते, पण इथलं धूर आणि पैशाचं नातं गिरण्यांइतकं जुनं आहे. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवच्या गिरणीची कंपनी काढली. पुढे लालबाग-परळ धुराड्यांनी भरून गेलं. नफा मालकांच्या बंगल्यांत गेला, धूर आणि कापसाचे तंतू कामगारांच्या छातीत. धुराविरुद्धचा कायदा 1912 मध्येच आला होता, हे आज फारसं कुणाला आठवतही नाही.

स्वातंत्र्यानंतर धूर पूर्वेकडे सरकला. 1950 च्या दशकात माहुल-ट्रॉम्बे भागात दोन तेलशुद्धीकरण कारखाने आणि औष्णिक वीजकेंद्र आलं, मागोमाग खतकारखाना. चेंबूरला लोक ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले. शेजारी देवनारची कचराभूमी 1927 पासून होतीच. जानेवारी 2016 मध्ये ती पेटली तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. माहुलच्या हवेचा रहिवाशांना धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये म्हटलं होतं. तरीही तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडून माणसं तिथेच पाठवली गेली! 2019 मध्ये उच्च न्यायालयाने ही सक्ती रोखली.

या वाटणीचा हिशेब घराघरांत होतो. पगारी रजा असलेला माणूस खोकला घेऊन घरी बसू शकतो. रोजंदारीवाल्याला दम लागला की खाडा पडतो, वर औषधाचा खर्च आणि मग उसनवारी. शहराचं उत्पन्न वाढत असतानाही देवनारच्या कचराभूमीशेजारच्या गोवंडी-मानखुर्दचं घर असं मागे ओढलं जातं.

हवा स्वच्छ करण्याचा भारही बहुतेकदा कमी कमावणाऱ्यावरच येतो. वाहनांच्या धुरावर उच्च न्यायालयाने नेमलेल्या लाल समितीनंतर टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर गेल्या, ते योग्यच झालं, पण गाडी बदलण्याचा बोजा चालकांनी उचलला. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या पावभट्ट्या सहा महिन्यांत बदलायला सांगितलं. त्याआधी, डिसेंबर 2024 मध्ये, महापालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्वेतली बांधकामं थांबवली होती. धूळ थांबायलाच हवी, पण काम थांबलं की नाक्यावरच्या मजुराची चूलही थांबते. दिल्लीत अशा वेळी मजुरांना कामगार उपकरातून निर्वाहभत्ता द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. बांधकाम खर्चाच्या एक टक्का हा उपकर मुंबईतही गोळा होतोच.