सुटा शब्द नको, पूर्ण कागद पाठवा

नमस्कार. सकाळी आमचं भाषांतराचं ऑफिस उघडलं की व्हॉट्सॲपवर एक तरी मेसेज असा असतोच: ‘दादा, चार्जला मराठीत काय म्हणायचं? अर्जंट आहे.’ आम्ही विचारतो, कागद कसला आहे? काही ग्राहकांना वाटतं की एका शब्दासाठी आम्ही आढेवेढे घेतोय. आम्ही का विचारतो, ते सांगण्यासाठी हे पत्रक.

गेल्या पावसाळ्यात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून, म्हणजे लोखंड वितळवून ओतण्याच्या कारखान्यातून, सुरक्षा फलकांचा मजकूर आला. एक्सेलमध्ये एका रकान्यात वीस-बावीस इंग्रजी ओळी, शेजारी मोबाइलवर काढलेलं मराठी आणि खाली निरोप: ‘फक्त शुद्धलेखन बघा, पेंटर थांबलाय.’ त्यात एक ओळ होती, ‘डू नॉट चार्ज वेट स्क्रॅप’. शेजारी मराठी होतं, ‘ओल्या भंगारासाठी शुल्क आकारू नका’. शुद्धलेखनात एकही चूक नाही. वरच्या चार ओळी वजनकाट्याच्या, दराच्या होत्या, त्यामुळे वाचताना खटकण्यासारखंही काही नव्हतं. आम्ही फोन करून विचारलं, हा बोर्ड लागणार कुठे? उत्तर आलं, भट्टीपाशी.

फाउंड्रीवाल्यांना सांगायला नको, भट्टीत जो माल टाकतात त्यालाच तिथे चार्ज म्हणतात. भंगारात पाणी असेल आणि ते वितळलेल्या लोखंडात गेलं, तर त्या पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या 1,600 पटींहून जास्त जागा लागते. ती रस उसळवून बाहेर पडते आणि समोर माणूस उभा असतो. आम्ही लिहून दिलं, ‘ओलं भंगार भट्टीत टाकू नका’. फक्त पाच शब्द. पण बोर्ड कुठे लागणार हे कळलं नसतं, तर ते पाच शब्द आम्हालाही सुचले नसते.

दुसरा नेहमीचा प्रकार कर्जाच्या कागदांचा. मंजुरीपत्राचा फोटो येतो, तोही कडा कापून, मधल्या दोनच ओळींचा. वरच्या ओळीत ‘फर्स्ट चार्ज’, खालच्या ओळीत ‘प्रोसेसिंग चार्ज’. खालचा चार्ज म्हणजे शुल्क, ते एकदा भरलं की संपलं. वरचा चार्ज म्हणजे बोजा. कर्ज थकलं तर त्या मालमत्तेतून वसुलीचा पहिला हक्क बँकेचा, असा त्याचा अर्थ. सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीचा बोजा चढतो आणि कर्ज फिटल्यावर फेरफार करून तो उतरवून घ्यावा लागतो, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात पोरासोरांनाही माहीत असतं. तरी तोच शब्द इंग्रजीतून आला की घरचे म्हणतात, ‘पहिलं शुल्क किती भरायचं?’ आणखी एक भेद जपावा लागतो. बोजा आणि गहाण एक नव्हे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाणाची व्याख्या कलम 58 मध्ये आहे, तर बोज्याची कलम 100 मध्ये. मूळ कागदावर चार्ज असताना आम्ही गहाण लिहिलं, तर वकील तो कागद परत पाठवतात, आणि ते बरोबरच करतात.

या शब्दाचं मूळ कळलं की गुंता बराच सुटतो. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडा. त्यावरून गाड्यात ओझं भरणं या अर्थाचं क्रियापद झालं, आणि ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं. भट्टीत भरलेला माल, फ्रिजमध्ये भरलेला गॅस, जमिनीवरचा बोजा, माणसावर ठेवलेला आरोप, खुर्चीबरोबर येणारी जबाबदारी, सगळी ओझीच. आपल्या परिभाषेतही तोच ‘भार’ आहे: कार्यभार, प्रभारी, अधिभार, विजेचा प्रभार. अवघड वाटणारे हे शासकीय शब्द नेमके बसतात, म्हणून आम्ही ते आवडीने वापरतो. बदलीच्या आदेशात ‘ॲडिशनल चार्ज’ आला तर तो अतिरिक्त कार्यभार. हॉटेलच्या बिलात तेच दोन शब्द आले तर जादा आकार.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो एका ‘द’ पायी. ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे ज्याच्या हाती कारभार आहे तो. ‘इन द चार्ज ऑफ’ म्हणजे जो दुसऱ्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे तो. शाळेच्या सहलीच्या संमतिपत्रात एवढा ‘द’ निसटला, तर मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली न राहता शिक्षकच मुलांच्या देखरेखीखाली येतात. ग्राहक ओळ स्वतः टाइप करून पाठवतात, तेव्हा हा ‘द’ हमखास गळतो. म्हणून टाइप करू नका, मूळ पानाचा फोटो पाठवा.

व्हिसाच्या फॉर्मवर ‘तुम्हाला कधी चार्ज केलं आहे का’ असा प्रश्न असतो. तो पैशांचा नाही, गुन्ह्याच्या आरोपाचा आहे. अंदाजाने हो किंवा नाही लिहू नका. कोर्टाच्या कागदांतही पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल करणं आणि न्यायालयाने दोषारोप निश्चित करणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. कोणत्या पायरीचा कागद आहे, ते तारखेसकट दिसलं पाहिजे.

काही ठिकाणी आम्ही मराठी शब्द लावतच नाही. ट्रान्सपोर्टच्या बिलावरचा ‘रिव्हर्स चार्ज’ आम्ही तसाच ठेवतो आणि पुढे लिहितो की जीएसटी भरायची जबाबदारी सेवा घेणाऱ्याची. हिशेब बघणाऱ्याला तोच शब्द ओळखीचा असतो.

तेव्हा काम पाठवताना पूर्ण पान पाठवा, चारही कोपरे दिसतील असं. पीडीएफ असेल तर उत्तम. खातं नंबर, आधार नंबर झाकलेत तरी चालेल, वाक्यं मात्र झाकू नका. सोबत एवढंच लिहा की मराठी कागद कोण वाचणार आहे: बँक, कोर्ट, की भट्टीवरचा कामगार. पैसे भाषांतर केलेल्या मजकुराचेच लागतील, संदर्भासाठी वाचलेल्या पानांचे आम्ही घेत नाही. दुपारी बारापर्यंत पूर्ण कागद आला, तर एक-दोन पानांचं काम त्याच संध्याकाळी हातात देतो. मोबाइलवर काढलेलं मराठी आधीच तयार असेल, तर तेही मूळ इंग्रजीसकट आणा. दोन्ही शेजारी ठेवून तपासून देऊ, त्याचा दर पूर्ण भाषांतराच्या निम्मा आहे.