हॅम रेडिओच्या पहिल्या परीक्षेचा अभ्यास (बडोदे)

हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांनी स्वतःच्या बिनतारी संचावरून एकमेकांशी साधलेला संपर्क. त्यात धंदा नसतो, पण परवाना लागतो आणि परवान्यासाठी परीक्षा. भारतात ती केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) ही शाखा घेते. पहिल्या पायरीचे नाव रिस्ट्रिक्टेड ग्रेड. वय १२ पूर्ण झालेले असले की बसता येते. वरच्या जनरल ग्रेडसाठी मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची संकेतलिपी, यावी लागते. पहिल्या पायरीवर मोर्स नाही. उत्तीर्ण होऊन परवाना काढला की व्हीयू३ने सुरू होणारी कॉल साइन, म्हणजे आपल्या स्टेशनची ओळख सांगणारे अक्षर-आकडे, मिळते.

पेपर एका तासाचा, १०० गुणांचा. निम्मे गुण रेडिओच्या शास्त्राला, निम्मे नियमांना. प्रत्येक भागात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के मिळवावे लागतात. दोन्हीकडे काठावरचे वीस-वीस गुण मिळवणारा म्हणूनच नापास होतो, आणि एका भागात वीसवर थांबलेल्याला दुसऱ्यात तीस हवेत. विज्ञान शाखेची मुले ओहमचा नियम पाठ आहे म्हणून निर्धास्त राहतात आणि नियमांची पाने शेवटच्या रात्रीवर टाकतात. हा मोठा घात आहे. १९७८च्या हौशी सेवा नियमांतून निघालेल्या गोष्टी नीट वाचाव्याच लागतात : गाणी किंवा व्यापारी निरोप पाठवायचे नाहीत, गुप्त भाषा वापरायची नाही, कॉल साइन सांगायची, लॉग, म्हणजे संपर्कांची नोंदवही, ठेवायचा. क्यू-संकेतांचेही तसेच; हे क्यूने सुरू होणारे तीन अक्षरी संक्षेप असतात. क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या स्टेशनांचा अडथळा, क्यूआरएन म्हणजे निसर्गाची खरखर. ज्याने पावसाळ्यात वीज कडाडताना रेडिओ ऐकला आहे, त्याला क्यूआरएन घोकावे लागत नाही.

बडोद्याच्या मराठी घरांत या अभ्यासाला एक वेगळीच अडचण येते. गुजराती शाळेतले मूल फ्रीक्वेन्सीला ‘आवृत्ति’ म्हणते. घरी आजोबांना ‘आवृत्ती’ म्हटले की पुस्तकाची आठवते, आणि मराठी पुस्तकात ‘वारंवारता’ असते. हा घोळ पहिल्याच दिवशी मिटवावा : वहीत तिन्ही शब्द शेजारी शेजारी लिहावेत. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली सुरू झालेल्या इथल्या कलाभवनात तंत्रशिक्षण लोकभाषेतून देण्याचा प्रयत्न झाला होता. त्या गावात ही खटपट परकी वाटू नये.

शास्त्राचा भाग हाताने करून पाहिला तरच मुरतो. १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी काढायची तर ३००ला १४५ने भागायचे : सुमारे २.०७ मीटर. डायपोल, म्हणजे मध्ये दोन भाग केलेली सरळ तारेची अँटेना, तिच्या निम्म्या लांबीची : १.०३ मीटर. तारेच्या टोकांच्या परिणामामुळे त्यातले पाच टक्के कमी करायचे, म्हणजे साधारण ९८ सेंटीमीटर. मध्ये केबल जोडायची असल्याने प्रत्येक बाजू ४९ सेंटीमीटरची. दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या घराच्या अगाशीवर टेपने मोजून ही तार कापली की डायपोलचा प्रश्न कायमचा सुटतो. त्याच सूत्राने ७.१ मेगाहर्ट्झची तार वीस मीटरच्या आसपास जाते. इतकी लांब तार टांगायला जागा कुठे, हा विचार करतानाच अँटेना कळू लागते. परवान्याआधी प्रेषणाचे बटण दाबणे मात्र गुन्हा आहे. तोवर एखाद्या परवानाधारकाच्या संचाशेजारी बसून ऐकावे, आणि ऐकलेल्याची नोंद वहीत करावी.

ही परीक्षा या शहरासाठी नुसती हौस नाही. २६ जानेवारी २००१च्या भूकंपानंतर कच्छमधले संपर्क तुटले, तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोहोचवले. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरातल्या वस्त्यांत शिरले. अशा वेळी वीज जाते, फोनची बॅटरी उतरते आणि मोबाईलचा टॉवर चालू असेलच याची खात्री नसते. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा संच आणि तो नियमाने वापरणारा माणूस असला तर निरोप जातो. आपत्तीचा संदेश सुरू असताना बाकीच्यांनी गप्प राहायचे, हे शिकवणारा धडा नियमांच्या भागातच आहे.

अगाशीवरची लांब तार जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच उतरवून गुंडाळून ठेवावी. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला, मांजा तिच्यात अडकतो आणि ओढाताणीत केबलचा जोडच तुटतो.