सेफ्टी रेझर, जुने : संग्रह आणि ओळख

धारेपुढे दातेरी किंवा सरळ आडपट्टी घालून कातडी कापली जाणार नाही अशी सोय केलेले दाढीचे साधन म्हणजे सेफ्टी रेझर. असे जुने रेझर जमवून त्यांचा कर्ता आणि काळ ठरवणे हा छंद नाणी-तिकिटांच्या मानाने लहान आहे. पण त्याला लागणारा माल पुण्यात अजून सापडतो. वाडा पाडायला निघाला की माळ्यावरच्या ट्रंका रिकाम्या होतात, आणि आजोबांच्या दाढीचे सामान भंगारवाल्यामार्फत मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात पोचते. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रोजच्या वापरातली वस्तू जपण्याजोगी असते हे या शहराला वेगळे सांगावे लागत नाही. बाजीराव रस्त्यावरचे राजा दिनकर केळकर संग्रहालय अडकित्ते, दिवे आणि वज्र्या यांवरच तर उभे आहे.

वस्तऱ्याला आडपट्टी लावण्याची कल्पना जिलेटच्या आधीची. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८०च्या सुमारास ‘स्टार’ रेझर काढला. त्याच्या जाड पात्याला वरचेवर धार लावावी लागे. किंग कँप जिलेटने पातळ, दुधारी आणि बोथट झाले की टाकून द्यायचे पाते आणले. ते पोलादाच्या पातळ पत्र्यापासून प्रत्यक्ष बनवण्याचे श्रेय विल्यम निकरसन या अभियंत्याचे. १९०३ साली विक्री झाली ५१ रेझर आणि १६८ पात्यांची. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मिळाले आणि ते १९२१ पर्यंत चालले.

नवखा संग्राहक नेमका इथेच फसतो. रेझरवर १९०४ची तारीख कोरलेली दिसली की तो त्याच वर्षीचा समजून पैसे मोजले जातात. ती तारीख पेटंटची आहे. तीच पुढे कित्येक वर्षे ठोकली जात होती. दुसरा घोटाळा जुळवाजुळवीचा. जिलेटच्या धर्तीचा रेझर तीन तुकड्यांचा असतो : टोपी, आडपट्टी आणि मूठ. निरनिराळ्या मॉडेलांचे आटे बहुधा एकमेकांत बसतात, त्यामुळे एकाची टोपी, दुसऱ्याची मूठ आणि तिसऱ्याची डबी असा संसार बाजारात सर्रास मांडलेला असतो. विकणारा लबाड असतोच असे नाही. पोत्यातून निघालेले तुकडे त्याने जसे बसले तसे बसवलेले असतात. म्हणून डबीवरच्या नावावर सर्वांत कमी विश्वास ठेवावा आणि रेझर सुटा करून प्रत्येक तुकडा उलटा करून पाहावा.

टोपीखाली आट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी असेल, तर तो १९३०च्या आधीच्या, तीन गोल भोकांच्या पात्याचा जिलेट किंवा त्याची नक्कल. १९३० साली नव्या जिलेटबरोबर पात्यात सलग चीर आली. आजच्या पात्याची चीर पाहिली तर ती तीन ठिकाणी रुंद होते. ते पाते जुन्या खुंट्यांवर अजूनही बसते. त्याच वर्षी हेन्री गाइसमनची ऑटोस्ट्रॉप कंपनी जिलेटमध्ये विलीन झाली. तिच्या ‘व्हॅलेट’ रेझरच्या डोक्यातून पात्याला धार लावायचा चामडी पट्टा आरपार जातो, त्यामुळे तो ओळखायला नावही वाचावे लागत नाही. १९५०च्या दशकातील अमेरिकी जिलेटवर वर्षाचे अक्षर आणि तिमाहीचा आकडा असतो : ‘झेड’ म्हणजे १९५४, ‘ए’ म्हणजे १९५५. ‘ए २’ असे दिसले की १९५५ची दुसरी तिमाही.

इंग्लंडचा ‘रोल्स रेझर’ मात्र वेगळ्याच जातीचा. धातूच्या चपट्या डबीच्या एका झाकणात पात्याला धार लावायचा दगड आणि दुसऱ्यात चामडे बसवलेले असते. आतला दांडा मागेपुढे ओढला की पाते प्रत्येक फेरीला कूस बदलते आणि खडखड वाजते. घेताना दोन्ही झाकणे काढून पाहावीत. दगड बहुधा तडकलेला आणि चामडे वाळून कडक झालेले निघते. अखंड दगडाची डबी मिळाली तर घासाघीस थोडी आवरती घ्यावी.

देशी रेझरांकडे फारसे कोणी पाहत नाही, ही उणीवच म्हणायची. त्यांतल्या अनेकांवर ‘मेड इन इंडिया’ एवढेच असते. तिथे धातू, वजन आणि मुठीवरची जाळी यांवरून अंदाज बांधावा लागतो. चुंबक चिकटला तर लोखंड. पितळेला तो चिकटत नाही. स्वस्त मालाची टोपी जस्तमिश्र धातूची असते. ती फुगलेली किंवा भेगाळलेली दिसली तर पाते घालून स्क्रू आवळू नये.

साफसफाईत पुणेरी घरांची सवय आड येते. देवघरातली पितळी भांडी चिंचेने लख्ख होतात, म्हणून रेझरही चिंच-राखेने घासला जातो. खाली पितळच असते, पण वर निकेल, चांदी किंवा सोन्याचा पातळ मुलामा असतो आणि तो पहिल्या घासण्यातच उडतो. कोमट पाणी, साबण आणि जुना दातांचा ब्रश पुरतो. आट्यांत अडकलेला साबणाचा थर टाचणीने न खरवडता रात्रभर भिजवून काढावा. आत राहिलेले जुने पाते मात्र आधी, कागदात धरून काढावे.