सैनिकाच्या हातातला रेडिओ आणि आड येणारा डोंगर

"सैन्याच्या वॉकीटॉकीला टॉवर लागत नाही, त्यामुळे ती डोंगराआडूनही कितीही लांब बोलते," असा संदेश साताऱ्यात अनेक वर्षे फिरतो आहे. टॉवर लागत नाही, हे खरे; परंतु हाती धरायच्या बहुतेक संचांची शक्ती जेमतेम 5 वॅट असते आणि त्यांच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने, मोकळ्या सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या दोघांमध्ये सुमारे 10 किलोमीटरवर पृथ्वीची वक्रताच आड येते. डोंगर तर त्याआधीच अडवतो. म्हणूनच उंचावर रिले संच, म्हणजे एकाचा संदेश पकडून पुढे पाठवणारे संच, ठेवावे लागतात, आणि घराघरांत सैनिक असलेल्या आपल्या जिल्ह्याला त्यामागचे कष्ट ठाऊक असावेत, असे मनापासून वाटते. पडताळण्यासाठी परवाना न लागणारे दोन संच घ्यावेत. एकाने शहरात थांबावे, दुसऱ्याने अजिंक्यतारा किल्ल्याच्या डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी जावे; आवाज बहुधा पोहोचणार नाही. तोच दुसरा माणूस शहराकडच्या तटावर आला, की बोलणे स्पष्ट ऐकू येते.