शेकोटीशी खेळलं म्हणून पोट्टं गोधडीत मुतत नाही

हिवाळ्यात यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत शेकोटीजवळ हा दम ठरलेला: "पोट्ट्या, इस्तवाशी खेळू नको, राती गोधडीत मुतशील!" पोरगं काडीनं निखारे उकरतच राहतं. भाजू नये म्हणून धाक घाला हो, पण सकाळी गोधडी ओली निघाली की मारही त्यालाच.

मूत्राशय भरू लागलं की त्याची भिंत ताणते आणि मज्जारज्जूतून मेंदूला निरोप जातो. मोठ्या माणसाला साधारण १५० ते २०० मिलिलिटरला पहिली जाणीव होते. सोयीची जागा मिळेपर्यंत मेंदू थोपवून धरतो. मग मूत्राशयाचा स्नायू आकसतो, तोंडाशी आवळलेला स्नायू सैल पडतो. तान्ह्या बाळाला हा ताबा नसतोच. झोपेतला ताबा तर सगळ्यात शेवटी येतो. काही मुलांत रात्री लघवी कमी करणारं संप्रेरक पुरेसं सुटत नाही, काहींना भरल्या मूत्राशयाच्या निरोपानं जागच येत नाही. बापालाही लहानपणी हा त्रास असेल, तर पोराला होण्याची शक्यता वाढते. (हे आजीला विचारा, बाप सांगणार नाही.)

मग शेकोटीचा संबंध? थंडीत घाम कमी, लघवी जास्त. शेकोटीही तेव्हाच पेटते.

पाच वर्षांपर्यंत हे नेहमीचंच. मात्र कोरडं राहू लागलेलं मूल पुन्हा भिजवू लागलं, सारखी तहान लागून वाळत चाललं, किंवा लघवीला जळजळ होत असेल, तर अंगारा नको, प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच साखर आणि लघवी तपासून घ्या.