समुपदेशन आणि प्रशिक्षण: बेघरांच्या रोजगाराच्या दोन वेगळ्या गरजा

नागपुरातील बेघरांच्या रोजगाराची चर्चा निघाली की व्यवसाय समुपदेशन आणि कौशल्य प्रशिक्षण यांची गल्लत होते, आणि बहुतेक वेळा पहिले बाजूला ठेवून थेट दुसरेच सुरू केले जाते. प्रशिक्षण म्हणजे वायरिंग, शिवणकाम, वाहनदुरुस्ती असे एखादे काम शिकवणे. त्याला अभ्यासक्रम, मुदत, परीक्षा आणि प्रमाणपत्र असते. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात बेघरांसाठी निवारा आणि कौशल्य प्रशिक्षणातून रोजगार असे दोन स्वतंत्र घटक होते. या दोहोंना जोडणारे काम समुपदेशनाचे आहे, म्हणजे माणसाशी बोलून त्याला काय येते, काय जमेल आणि अडते कोठे हे शोधण्याचे.

सीताबर्डीच्या निवाऱ्यातील माणसाला ‘काय येते?’ असे विचारले तर ‘काही नाही, मजुरी करतो’ एवढेच उत्तर मिळण्याची शक्यता अधिक. मात्र ‘लग्नसराईत कोणाकडे होता, तिथे नेमके काय करायचा?’ असे विचारल्यावर त्याने केटरिंगवाल्याकडे कित्येक हंगाम तंदूर सांभाळल्याचे कळू शकते. अशा माणसाला शिवणकामाच्या वर्गात बसवणे मला अन्यायाचे वाटते. त्याच्या हातातील कामाचीच परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र मिळायला हवे, आणि प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाला मान्यता देण्याची तशी सोय आहे. ज्याचे काय शिकायचे ते आधीच ठरले आहे, त्याला अर्थातच थेट वर्गात पाठवावे.

आधार कार्ड हरवले आहे का, बँकेत खाते आहे का, वर्गाच्या काळात बुडणाऱ्या रोजीची भरपाई कशी होणार, बुटीबोरीच्या कारखान्यातील रात्रपाळी करणाऱ्याला निवाऱ्यात दिवसा झोपता येईल का, हे प्रश्नही समुपदेशकाचेच आहेत, कारण उत्तम शिकलेला माणूसही नेमक्या याच कारणांनी काम सोडतो.

माझ्या मते समुपदेशनाची सर्वांत निकड नोकरी लागल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात असते. ठिय्यावर, म्हणजे मजूर कामाची वाट पाहतात त्या नाक्यावर, उभ्या राहणाऱ्याच्या हाती संध्याकाळी रोजी पडते, तर कारखान्यातला पगार महिना भरल्यावर होतो. मधल्या काळातील जेवणाचा आणि बसभाड्याचा खर्च कोठून करायचा, हे न सुटल्याने तो पुन्हा ठिय्यावर परततो. म्हणून पहिला महिना आठवड्याला उचल द्यावी, एवढे मालकाशी आधीच बोलून ठेवणे हे समुपदेशकाचे काम आहे, आणि ते कोणत्याही अभ्यासक्रमात बसत नाही.